तीन वर्षांच्या अंगाला झेपेल असा गणवेश

लातूरमध्ये शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. पाऊस आला तर आला, नाही तर उन्हाळाच पुढे चालू राहतो. त्या हवेत खासगी नर्सरीत पाऊल टाकणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर काय काय असते, ते एकदा मोजून पाहावे. आत बनियन, वर कडक कॉलरचा टेरीकॉटचा शर्ट, गळ्यात इलॅस्टिकचा टाय, खाली हूक आणि चेन असलेली पँट किंवा चुण्यांचा स्कर्ट, त्यावर बक्कलचा पट्टा, मोजे, काळे बूट आणि गळ्यात दोरीला लटकवलेले ओळखपत्र. त्याच गल्लीतल्या अंगणवाडीत त्याच वयाचे मूल घरचा, बहुधा मोठ्या भावंडाचा उतरलेला कपडा घालून बसलेले असते. पहिल्याला आपण शाळेत जाणारे मूल समजतो, दुसऱ्याला तसे समजत नाही. यातला कोणता पोशाख बरा, याचे उत्तर चटकन देता येत नाही. गणवेशच नको म्हटल्यानेही प्रश्न सुटत नाही.

आधी आईबापांची बाजू नीट ऐकली पाहिजे. लातूर हे शिकवण्यांचे आणि निकालांचे शहर आहे. राज्यभरातून मुले इथे बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी येऊन राहतात. त्या वातावरणाची ओढ आता तीन वर्षांच्या वयापर्यंत खाली उतरली आहे. औसा किंवा रेणापूरच्या बाजूने शहरात आलेला बांधकाम मजूर, रिक्षाचालक, भाजीवाली आपल्या लेकराला टाय-बुटात पाठवतात, तेव्हा त्यात नुसती हौस नसते. आपल्याला जे मिळाले नाही ते याला मिळते आहे, असे त्या कपड्यावर त्यांना दिसते. फी भरलेली पावती गल्लीला दाखवता येत नाही, गणवेश दिसतो. या भावनेला दिखाऊपणा म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय गणवेशाचे खरे फायदेही आहेत. व्यापाऱ्याची मुलगी आणि गवंड्याची मुलगी एका रंगात बसल्या की बाईंच्या नजरेतला भेद थोडा तरी कमी होतो. सकाळी काय घालायचे यावरून रडारड होत नाही. सहलीत, गर्दीत मूल चटकन ओळखू येते. चांगले कपडे शाळेत मळतील या धाकातून आई मोकळी होते. पण यातला प्रत्येक फायदा रंगाने मिळतो. एकाच रंगाचा सैल सदरा आणि चड्डी यांनी समता येते, ओळख पटते, सकाळचा गोंधळही टळतो. टायने, पट्ट्याने आणि कडक कॉलरने त्यात काहीच भर पडत नाही.

मग अंगाचा हिशेब करावा लागतो. लहान मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा मोठा. त्यामुळे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. त्याला घामही मोठ्यांइतका येत नाही, म्हणजे थंड होण्याचे साधनही तोकडे. लातूर-नांदेडकडे मार्चच्या अखेरीस पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि शाळेचे वर्ष तेव्हा संपलेले नसते. गळा, काखा आणि कंबर या तीन जागी कपडा घट्ट बसला की घाम साचतो, घामाच्या वाटा बुजतात आणि घामोळ्या उठतात. टाय आणि पट्टा नेमके गळ्याला आणि कमरेलाच आवळतात. मूल चिडचिड करते, खाजवते, गोष्टीत लक्ष देत नाही. बाईंना ते हट्टी वाटते.

कापडाच्या बाबतीत सुती चांगले, पॉलिस्टर वाईट, असा सरधोपट निकाल आपण लगेच देऊन टाकतो. त्याला आधार आहे. साधारण हवामानात शंभर ग्रॅम सूत आठ ग्रॅमच्या आसपास ओलावा स्वतःत धरते, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो आणि पॉलिस्टरच्या शर्टात तो अंगावरच ओघळत राहतो. आपल्या आज्यांना हे आकड्यांशिवाय ठाऊक होते. बाळासाठी नवे कोरे कापड न आणता धुऊन धुऊन मऊ पडलेल्या जुनेराची झबली आणि दुपटी त्या शिवायच्या. काटकसर होतीच, पण नवजात कातडीला काय सोसते याची जाणही होती.

पण याच शहरात पाण्याचा प्रश्न आहे, आणि तो या वादात कोणी आणत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून जलदूत एक्सप्रेस लातूरला पोहोचली, तेव्हा पहिल्या खेपेला तिने पाच लाख लिटर पाणी आणले. तो उन्हाळा टोकाचा होता. पण बऱ्या वर्षांतही इथल्या नळाला कितीतरी दिवसांच्या अंतराने पाणी येते. बालवाडीतले मूल दिवसाकाठी वरण, माती, रंग आणि नाक सगळे अंगावर घेऊन घरी येते. जाड सुती कपड्यातले डाग काढायला जास्त पाणी आणि जास्त घासणे लागते, तो वाळायला वेळ घेतो, चुरगळतो, रंग उडतो, चार महिन्यांत जुना दिसू लागतो. टेरीकॉट एका बादलीत निघतो, रात्री दोरीवर टाकला की सकाळी तयार असतो, इस्त्रीही लागत नाही. जिच्या घरी पाणी मोजून वापरावे लागते आणि जिच्याकडे गणवेशाचा एकच जोड आहे, त्या आईला सुती घ्या असा उपदेश करणे सोपे आहे. धुणे तिला धुवायचे असते.

या दोन बाजूंमध्ये मला एक मधली वाट दिसते. नुसत्या धाग्याकडे न पाहता वीण आणि बेतही पाहायला हवा. गणवेशासाठी जे दाट विणीचे, अस्तर लावलेले सुटिंग वापरले जाते, तेच या वयाला सर्वांत जास्त काचते. त्याऐवजी सुताचे प्रमाण जास्त असलेल्या पातळ होजिअरीचा सैल, बिनकॉलरचा सदरा घेतला तर तो ताणला जातो, हवा खेळू देतो, लवकर वाळतो आणि त्याला इस्त्री लागत नाही. खाली मध्यम रंगाची, डाग लपवणारी सुती मिश्रणाची चड्डी. पांढरा रंग या वयाला कोणत्याच गणवेशात नसावा. तो ठेवणाऱ्या शाळेने आईच्या धुण्याचा विचारच केलेला नसतो.

मराठवाड्याला कापसाची ओळख करून द्यायला नको. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण एकेकाळी इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी होते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि लातूर जिल्ह्यातले उदगीर त्यासाठी खादी विणते. स्वतंत्र भारताने वस्तूंचे दर्जे ठरवायला घेतले तेव्हा आयएस-१ हा पहिला क्रमांक १९५१ मध्ये राष्ट्रध्वजाला मिळाला. त्याचे सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, शिलाई या सगळ्यांचे नियम लिहिले गेले आणि ध्वजाचे कापड आजही तपासून घेतले जाते. कापडाला कसोटी लावणे ज्या मुलखाला इतके परिचयाचे आहे, तिथे नर्सरीचा गणवेश घेताना त्यात सूत किती टक्के आहे हेसुद्धा कोणी दुकानदाराला विचारत नाही, याची खंत वाटते. आरोग्याला घातक ठरलेल्या कित्येक ॲझो रंगांवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली. ग्राहकाला मात्र लेबल वाचायची सवय लागली नाही, आणि गल्लीत शिवलेल्या गणवेशाला लेबल नसतेच.

सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण यातले धोके आपल्याला धोके वाटतच नाहीत. ब्रिटनने १९७६ मध्ये लहान मुलांच्या वरच्या कपड्यांतील टोपीला ओढायची दोरी घालण्यावर कायद्याने बंदी आणली. अमेरिकेत १९९६ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या जॅकेटच्या गळ्यातील दोऱ्या काढून टाकण्याविषयी मार्गदर्शन जाहीर केले. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला फटीत गळ्याची दोरी अडकून, तर बसच्या दारात कमरेची दोरी अडकून मुले दगावली होती. युरोपच्या मानकाप्रमाणे सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यात गळ्यापाशी आणि टोपीला दोरी चालत नाही.

आपल्याकडे टोपीच्या जॅकेटचा प्रश्न थंडीच्या चार आठवड्यांपुरता आणि पावसाळी रेनकोटापुरता आहे. पण बारा महिने गळ्यात दोरी असतेच, ती ओळखपत्राची. हिसका बसला तर आपोआप सुटणारी कडी तिला क्वचितच असते. ते कार्ड गळ्यात घालून मूल घसरगुंडीवर चढते, रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहते, झोपाळ्यावर बसते. तोच प्रकार टायचा. टाय आणि ओळखपत्राची दोरी या दोन गोष्टी सहा वर्षांखालच्या मुलाच्या गळ्यातून काढल्याच पाहिजेत, यात मला तडजोडीला जागा दिसत नाही. नाव आणि फोन नंबर सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर शिवता येतो. बाहेर मोठ्या अक्षरांत नाव मिरवू नये, नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल विश्वास ठेवते. रुमाल छातीला सेफ्टी पिनने टाचायची जुनी रीत आहे. ती पिन उघडली तर काय होईल, हे सांगायला नको. तिथे एक लहान कापडी पट्टी आणि टिचबटण पुरते.

बटण हे या वयाचे दुसरे संकट. सैल झालेले बटण, गळ्याजवळची टिकली, फ्रॉकच्या घुंगरांपैकी एखादे, हे सगळे तोंडात जाते आणि तिथून श्वासनलिकेत जाऊ शकते. दिवाळीच्या आधी लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत टांगलेले जाळीचे, टिकल्यांचे, तीन-चार थरांचे फ्रॉक फार सुंदर दिसतात. वाढदिवसाला तासभर घातला तर मी कोणाला अडवणार नाही. पण त्याच फ्रॉकात मुलीला फुलबाजी देणे किंवा दुचाकीवर पुढे-मागे बसवणे यात जीवाशी गाठ आहे. ओढणीचा पदर चाकात जातो, झालर साखळीत जाते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि बांधून ठेवणारा पट्टा हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शाळेत सोडताना किती घरे तो पाळतात, हे रस्त्यावर उभे राहून पाहता येते.

आगीच्या बाबतीत मात्र घाईने बोलू नये. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटते, हे खरे आणि म्हणून दिवाळीत सुती घालायला सांगतात. पण सुती कापड पेट पटकन घेते. सैल, घोळदार सुती फ्रॉक जास्त वेगाने पेटतो. इथे कपड्याचा बेत धाग्याइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण अंगाबरोबरच्या कपड्याखाली हवा कमी असते आणि तो हळू जळतो. अमेरिकेने १९७० च्या दशकात मुलांचे रात्रीचे कपडे ज्वालारोधक करण्याचे नियम केले. उत्पादकांनी त्यासाठी ट्रिस नावाचे रसायन वापरले. पुढे ते कर्करोगाला कारण ठरू शकते असे दिसून आले आणि १९७७ मध्ये ट्रिस लावलेल्या मुलांच्या कपड्यांवर बंदी आली. नंतर १९९६ मध्ये अंगाबरोबर बसणाऱ्या सुती रात्रकपड्यांना तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने या नियमांतून सूट दिली. एक भीती घालवायला आणलेले रसायन कातडीतून दुसरी भीती आत सोडू शकते. म्हणून जादा सुरक्षित, जंतुरोधक, विशेष प्रक्रिया केलेले अशा पाट्या लावलेल्या महाग कपड्यांपुढे लगेच मान डोलावू नये. मुलाचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसवलेल्या कपड्यांबद्दलही मला तेच वाटते. तीन वर्षांच्या मुलाजवळ माणूस हवा. यंत्र चार्ज करायचे राहिले तर काय, असा प्रश्न ज्या घरात पडू शकतो, त्या घराला यंत्राचे पैसे कपड्यांच्या दुसऱ्या जोडावर खर्च करू द्यावेत.

आता शिक्षणाचा मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो. तीन ते सहा या वयात मूल जे शिकते त्यात स्वतःचा कपडा स्वतः घालणे आणि काढणे फार वरचे आहे. मारिया मॉन्टेसरींनी बटणे लावण्याच्या, नाड्या बांधण्याच्या, हूक अडकवण्याच्या लाकडी चौकटी मुलांच्या हाती दिल्या त्या याचसाठी. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसोबत बालशिक्षण गावात आणि आदिवासी पाड्यात नेले, तेव्हा अंगणवाडी मुलाच्या अंगणात गेली आणि कुरणशाळा गुरांमागे फिरणाऱ्या मुलांच्या कुरणात. मुलाला शाळेच्या मापात बसवण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची करणे, ही त्यांची दिशा होती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ती दिशा मात्र गणवेशापर्यंत पोहोचली नाही.

पट्टा, हूक आणि चेन असलेली पँट साडेतीन वर्षांच्या बोटांना उघडत नाही. लघवी लागली की मुलाला बाईंची किंवा मावशींची वाट पाहावी लागते. पंचवीस-तीस मुले आणि एकच मावशी असेल तर वाट लांबते, कपडे ओले होतात, वर्ग हसतो. काही मुले मग पाणीच पीत नाहीत, आणि लातूरच्या उन्हात पाणी न पिणारे मूल ही साधी गोष्ट नाही. चेनमध्ये कातडी सापडून मुलगे दवाखान्यात येतात, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. कमरेला रुंद, मऊ इलॅस्टिक असलेली चड्डी हा सगळा त्रास एका फटक्यात संपवते. सदऱ्याला पुढे मोठी, घट्ट शिवलेली दोन-तीन बटणे असावीत, म्हणजे बोटांना कामही मिळते. बूट नाडीचे नसावेत, पट्टीचे चप्पल-सँडल पुरेत. नाडी बांधणे हे पाच-सहा वर्षांचे कौशल्य आहे.

मुलींच्या बाबतीत अजून एक सांगणे आहे. स्कर्ट घातलेल्या चार वर्षांच्या मुलीला कोणीतरी सतत नीट बसायला सांगत असते. ती शिडीवर चढत नाही, उलटी लटकत नाही, मांडी मोडून बसते. केरळमधल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये पूर्वप्राथमिकच्या मुलामुलींना सारखाच सदरा आणि गुडघ्याखालपर्यंतची चड्डी दिली आणि पुढे तोच वेश सगळ्या शाळेला लागू केला. इथल्या काही घरांना ते रुचणार नाही. त्यांच्यासाठी फ्रॉकखाली त्याच रंगाची चड्डी हा पर्याय ठेवावा. पण मुलीच्या कपड्याला मुलाइतकाच खिसा असावा. खडा, पान, शिंपला ठेवायला तिलाही जागा लागते.

हे सगळे कोणी ठरवायचे आणि कोणी शिवायचे? सगळीकडे एकच नमुना शासनाने पाठवावा, असे काहींना वाटते. तो प्रयोग आपण पहिली ते आठवीसाठी करून पाहिला आहे. 'एक राज्य एक गणवेश' योजनेत २०२४-२५ मध्ये कापड वरून आले आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. एका गणवेशाच्या शिलाईला शंभर रुपये. गटांना ते परवडले नाहीत, गणवेश महिनोन्महिने रखडले, आले ते अनेकांना बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. महिलांना काम मिळावे हा हेतू चांगला होता. माप मात्र दुरून घेता येत नाही, आणि तीन ते सहा या वयात तर अजिबात नाही. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंच होते. शिंप्याने बाहीला आणि पायाला दोन बोटे दाब ठेवला तर तोच कपडा पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो. कारखान्यातल्या तयार कपड्यात ही सोय सहसा नसते.

उलट बाजूही खरी आहे. सोलापूरच्या कारखान्यांतून येणारा तयार गणवेश स्वस्त पडतो, त्याची शिलाई पक्की असते, बटणे यंत्राने लावलेली असतात. गल्लीतल्या शिवणयंत्रावर प्रत्येक बटण घट्ट बसेलच याची हमी कोण देणार? म्हणून नियम वरून यावेत आणि शिलाई खाली व्हावी, असे मला वाटते. गळ्यात दोरी नको, टाय नको, बक्कल नको, कमरेला इलॅस्टिक, सुताचे प्रमाण निम्म्याहून जास्त, बटण ओढून पाहिलेले, पांढरा रंग नाही. इतके लिहायला एक पान पुरते. २०२५ मध्ये राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले, तिथे खोल्या आणि शौचालयांच्या माहितीच्या ओळीतच हे पानही बसू शकते. रंग आणि नक्षी शाळेने ठरवावी, शिवायचे कुठे ते पालकांनी.

अंगणवाडीच्या मुलांना गणवेश द्यावा का, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. दिला तर त्यांनाही शाळेत जाणारे मूल म्हणून पाहिले जाईल, आणि ते मोलाचे आहे. पण आधी ताजा आहार, मग स्वच्छ शौचालय आणि मग कपडा, असा क्रम पैसे कमी असताना लावावा लागतो. दिलाच तर सक्ती नसावी. ज्या दिवशी तो धुतलेला नसेल त्या दिवशी मूल घरी बसता कामा नये.

खासगी शाळांसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही. पुढच्या जूनच्या गणवेशाचे कापड आणि ऑर्डरी उन्हाळ्याआधीच ठरतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या पालकसभेत स्नेहसंमेलनाच्या नाचाइतकाच वेळ या विषयाला मिळायला हवा. एखाद्या आईने उठून टाय कशासाठी, असे विचारले तर मुख्याध्यापकांनी तो प्रश्न कार्यवृत्तात लिहून घ्यावा आणि दुकानदाराला फोन करण्यापूर्वी त्याचे उत्तर द्यावे.